बिनशिंगाचा टोप

ताईने टोप डोक्यावर चढवला, हनुवटीखालचा पट्टा ओढून घेतला आणि ती वळली, तेव्हा धाकटा आपल्या नेहमीच्या जागी, म्हणजे फरशीवर रंगाने आखलेल्या पांढऱ्या रेघेवर, दोन्ही पायांचे अंगठे जुळवून उभा होता. टोपाला तीन शिंगे होती. भुवयांच्या जागी गंजक्या पत्र्याचा रंग दिलेले दोन करवती कंगोरे होते, आणि खालच्या जबड्यातून वर आलेले सुळे इतके लांब होते की ज्या प्राण्याला ते खरोखर असतील, त्याचे जेवणाचे हाल होत असले पाहिजेत. हे सारे धाकट्यानेच घडवलेले होते. फोम कापणे, तो गरम हवेने वाकवणे, वर रबराचे थर देणे, सगळे त्याचे. डावा सुळा मुळाशी नीट चिकटलेला नाही, हेही त्याला ठाऊक होते.

ताई एक पाऊल पुढे आली. धाकट्याचा उजवा पाय आपसूक रेघेच्या मागे गेला.

"पास," टोपाच्या आतून ताई म्हणाली. "घे, ठेव बाजूला."

धाकट्याने टोप हातात घेतला. सकाळपासून त्याने एक वाक्य तोंडात घोळवून ठेवले होते. ताई, मला तुझ्याशी थोडं बोलायचंय. वाक्य लहान होते, व्याकरणात कुठे अडत नव्हते, आणि आंघोळीच्या वेळी बंद दाराआड त्याने ते दोनदा स्वच्छ उच्चारूनही पाहिले होते.

"काय रे बाळ्या? तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा काय उभा आहेस?"

"काही नाही," धाकटा म्हणाला.

चौतिशीतल्या माणसाला बाळ्या म्हणणारे जगात आता एकच माणूस उरले होते, आणि ते त्याच्यासमोर चष्मा पुसत होते. ताई अंगाने किडकिडीत, उंचीने त्याच्या खांद्याला लागेल एवढी. आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि तो पाच. पिशव्या शिवण्याच्या कारखान्यात जाऊन तिने त्याला वाढवले, शिकवले, आणि पुढे घरच्याच पुढच्या दोन खोल्यांत हे दुकान उभे केले. तिने त्याच्यावर कधी हात उगारला नाही. आवाजही चढवला नाही. शेजारपाजारच्यांनी तिची तारीफ करावी आणि त्याने मान डोलवावी, हे इतकी वर्षे चालत आले होते, आणि त्यात खोटे काहीच नव्हते.

दुकानात बनत ते सामान एका विशिष्ट खेळाचे होते. एरवी औषधे विकणारी, हिशेब तपासणारी, शाळेत शिकवणारी मोठी माणसे सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या वीटभट्टीवर जमत आणि कोणी दरोडेखोर, कोणी चेटकीण, कोणी राक्षसांचा सेनापती होऊन दिवसभर एका काल्पनिक राज्यात वावरत. या खेळात मारामारी नव्हती. भट्टीच्या भिंतींमधल्या अरुंद वाटेवर दोन पात्रे समोरासमोर आली की जो आधी मागे सरेल त्याने वाट सोडायची, एवढाच नियम होता. फासे नाहीत, गुण नाहीत. समोरच्याला खरोखर दचकावे लागे. म्हणूनच शिंगे, सुळे, काटेरी खांदेपट्ट्या आणि कवट्यांचे कंबरपट्टे या मंडळींना दागिन्यांपेक्षा मोलाचे वाटत. ताईने त्यांच्याच नियमावरून आपली तपासणी बेतली होती. धाकटा रेघेवर उभा राही, ताई नवे सामान अंगावर चढवून समोर येई, आणि तो मागे सरला तरच ते घराबाहेर जाई. मागे सरला नाही असे कधी झालेच नव्हते. रेघ मात्र झिजे, आणि वर्षातून एकदा तीही तोच पुन्हा रंगवी.

घराबाहेर जाणे या गोष्टीला धाकट्याच्या मनात अलीकडे वेगळे वजन आले होते. त्याचा एक शाळासोबती दूरच्या बंदराच्या गावी वैद्यकीय महाविद्यालयांसाठी शरीराचे नमुने बनवत असे, हृदये, सांधे, कानाच्या आतले शंख. त्याला धाकट्याचा हात हवा होता. "राहायची सोय आहे, काम आहे, समुद्र आहे. तू नुसता हो म्हण," तो फोनवर म्हणाला होता. "शनिवारपर्यंत सांग, नाहीतर मला दुसरा बघावा लागेल." धाकटा मनात केव्हाच हो म्हणून चुकला होता. पण मनात तो यापूर्वीही पुष्कळदा हो म्हणाला होता. रंगांच्या दुकानातल्या एका मुलीने त्याला एकदा सरळच विचारले होते. त्यावर "ताईला विचारतो" असे तो म्हणाला आणि विचारायचे राहून गेले. त्या मुलीला आता दोन मुले होती.

पुढचे दार फोमच्या गुंडाळ्यांनी कायमचे अडलेले असे. बाहेर पडायची वाट मागच्या दाराने, ताईच्या टेबलाला वळसा घालूनच होती.

त्याच वाटेने दुसऱ्या दिवशी दंतवैद्य आले. तो खेळ चालवणारे तेच. गिऱ्हाईक जुने, बोलायला गोड. हातात भली मोठी पिशवी होती आणि ती भरलेली होती, हे धाकट्याने आधी पाहिले. सामान न्यायला येणारा माणूस रिकामी पिशवी घेऊन येतो.

"ताई, रागावू नका हं."

"रागावण्यासारखं आहे का काही?"

"म्हणजे... आहे थोडं." त्यांनी पिशवीतून गेल्या महिन्यातले दोन टोप आणि काटेरी खांदेपट्ट्यांची जोडी काढून टेबलावर ठेवली. "लोक हसतात हो."

"हसतात?"

"खोटं कशाला सांगू! परवा मी सेनापती होऊन वाटेत उभा. समोरून पोस्टातल्या बाई आल्या, त्या तिकडे चेटकीण असतात. मी गुरगुरलो. तर त्या म्हणाल्या, 'अय्या, किती गोड!' आणि शिंगाला हात लावून बघितला. पोकळ आहे का भरीव, म्हणून." दंतवैद्यांनी खुर्चीत अंग टाकले. "दवाखान्यात नुसतं माझं तोंड बघून लोकांची पाचावर धारण बसते. तिथे मला एक शिंग लागत नाही. आणि इकडे तीन लावली, तर होती ती भीतीही गेली."

धाकट्याला हसू येत होते. त्याने ते खोकल्यात बदलले.

"आमच्याकडून तपासल्याशिवाय काही बाहेर जात नाही," ताई म्हणाली.

"ते ठाऊक आहे मला. पण पुढच्या महिन्यात बाहेरगावचे गट येणार आहेत, ताई. त्यांच्यासमोर असं झालं तर मंडळी दुसरीकडून सामान आणतील. मी किती धरून ठेवणार?"

"बाळ्या, रेघेवर."

तो उभा राहिला. ताईने कालचाच तीन शिंगांचा टोप चढवला, ती वळली, एक पाऊल पुढे आली. पाय मागे गेला.

"अरे वा," दंतवैद्य सरळ बसले. "हे तर खरंच दचकले. मग आमच्यातच काही खोट असेल. थांबा, मी घालून बघतो."

दंतवैद्य उंचेपुरे, खांद्याने रुंद. टोप त्यांना ताईपेक्षा कितीतरी शोभला. त्यांनी खांदेपट्ट्याही चढवल्या, दोन्ही हात पसरले आणि पोटातून काढलेल्या घुमाऱ्याने ते धाकट्याच्या अंगावर चालून आले. धाकटा आपल्या पायाची वाट पाहत राहिला. दंतवैद्यांच्या कपड्यांना लवंगेच्या तेलाचा सौम्य वास होता. डाव्या सुळ्याच्या मुळाशी गोंदाचा एक वाळलेला तंतू लोंबत होता, तो त्यांच्या श्वासाबरोबर हलत होता. धाकट्याला तो खुडून टाकावासा वाटला. त्याखेरीज काहीही वाटले नाही.

मग त्याच्या ध्यानात आले की आपण मागे सरलेलो नाही, आणि ताई पाहते आहे. त्याने घाईघाईने पाऊल मागे घेतले. फोटो काढणाऱ्याने सांगितल्यावर माणसे सरकतात तसे. आणि तेही डावे.

"घाबरलात?" टोपातून दंतवैद्यांनी आशेने विचारले.

"हो."

"नक्की?"

"हो हो. फारच."

टेबलापाशी ताईच्या हातात दाभण होते. तिने ते लाकडावर टेकवले. आवाज झाला नाही. मग ती वळली आणि धाकट्याकडे पाहत उभी राहिली. तिच्या डोक्यावर काही नव्हते. नाकावर रोजचा चष्मा होता, केसांत फोमचा भुसा होता.

धाकट्याचा उजवा पाय रेघेच्या मागे गेला.

तिघांनीही त्या पायाकडे पाहिले. दंतवैद्य सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सावकाश पट्टा सोडला, टोप काढला, शिंगे वर येतील असा टेबलावर ठेवला आणि रुमालाने घाम पुसला.

"मी असं करतो," ते म्हणाले, "शनिवारी येतो. दवाखाना आटोपून." आणि रिकामी पिशवी तिथेच विसरून गेले.

ताईने दुपारभर शिवणयंत्र सोडले नाही. ती शिवत होती. यंत्राचा आवाज खोलीत एकसारखा भरून राहिला होता आणि तो चालू आहे तोवर बरे आहे, हे धाकटा लहानपणापासून जाणत होता. भीती वस्तूत असते की पाहणाऱ्यात, याचा खल पंडितांनी खुशाल करावा. ती आपल्या घरात कुठे राहते, हे त्याने आजवर कधी स्वतःला विचारलेच नव्हते. शिंगे समोर होती आणि पाय मागे जात होता, एवढ्यावरून त्याने दोहोंचे नाते जुळवून टाकले होते. ताईनेही.

यंत्र थांबले.

"म्हणजे मी," ताई म्हणाली.

"तसं नाही, ताई."

"तसंच. मी तुला कधी मारलं?"

"नाही."

"उपाशी ठेवलं? कोंडलं? चारचौघांत पाणउतारा केला?"

"नाही गं."

"मग काय असतं?"

धाकट्याला वाटले, हा राग आहे. पण ताईने टेबलाच्या खणातून मापाची फीत काढली होती, आणि ती शिंगांचा टोप समोर ओढून त्याच्या कवटीचा घेर मोजत होती. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. ज्या चोखपणाने ती शिवण उसवून पाहत असे, त्याच चोखपणाने ती हे विचारत होती, आणि त्यामुळे उत्तर टाळायला जागाच राहिली नव्हती.

"तू काम थांबवतेस," तो म्हणाला. "हातातलं खाली ठेवतेस, आवाज न करता. मग वळतेस. नुसती मान नाही. सगळीच वळतेस."

"मग?"

"मग काही नाही. बघतेस. थांबतेस."

"किती वेळ?"

"मी बोलेपर्यंत."

"आणि तू काय बोलतोस?"

धाकट्याने फरशीकडे पाहिले. "काही नाही, असं म्हणतो."

ताईने फीत गुंडाळली. बराच वेळ तिने ती नुसतीच गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"कात्री दे," ती म्हणाली.

पुढचे दिवस त्यांनी एक नवीनच टोप घडवला. शिंगे नाहीत, सुळे नाहीत, कवट्या नाहीत. चेहऱ्याच्या जागी पाटीच्या रंगाचा एक सपाट, किंचित बाकदार पत्रा. त्यात डोळ्यांसाठी एक आडवी फट, आणि तोंडाच्या जागी काहीच नाही. मुख्य युक्ती मानेत होती. ताईने टोपाची खालची कड उंच खांदेपट्ट्यांना जोडून टाकली, म्हणजे आतल्या माणसाला मान वळवताच येणार नाही. कोणाकडे पाहायचे तर सबंध अंगाने वळावे लागेल. पट्टे पाठीमागे गेले, कारण पुढे काही दिसता कामा नये. ती मधूनमधून काम थांबवून धाकट्याला विचारी, "असं?" तो म्हणे, "फट जरा खाली." पुन्हा "असं?" "हो. असंच." आपल्याला पकडणाऱ्या शिपायाचे वर्णन चोराने चित्रकाराला बसून सांगावे, तसे ते चालले होते. आणि नवल म्हणजे, या दिवसांत ताई त्याच्याशी जितकी बोलली तितकी कित्येक वर्षांत बोलली नव्हती. एकदा तर ती हसलीही. "म्हणजे शेजारची मांजर माझ्याकडे बघून पळते, ती उगीच नाही," ती म्हणाली, आणि धाकटाही हसला. मग त्याला शनिवार आठवला. इतके गोड दिवस असताना जायचे कसे बोलावे? मागे ती बोलत नसे म्हणून सांगता येत नव्हते. आता ती बोलते म्हणून.

शाळासोबत्याचा फोन आला तेव्हा ताई शेजारीच होती. "शनिवारी सांगतो," धाकटा म्हणाला आणि फोन खिशात घातला.

"कोण रे?"

"रंगवाला."

शनिवार उजाडला. टोपावरचा रंगाचा शेवटचा हात वाळला होता. धाकट्याने हात धुतले आणि सवयीने जाऊन तो रेघेवर उभा राहिला.

"तू नाही," ताई म्हणाली. "तू हे घाल. रेघेवर मी."

"मी? पण तपासायचं तर..."

"तुझा काटा बिघडलेला आहे, बाळ्या. त्याच्यावर तोलून तोलून मी इतकी वर्षं लोकांना माल दिला." तिने टोप दोन्ही हातांनी उचलला. "वाक. वाक जरा, ताडासारखा वाढलायस."

तो वाकला. अंधार डोक्यावरून खाली आला, कानांवर बसला, खांद्यांवर टेकला. पाठीमागे ताईने एक पट्टा ओढला, मग दुसरा. धाकट्याने हात मागे नेऊन पाहिले. खांदेपट्ट्यांच्या उंचीमुळे बोटे पट्ट्यापर्यंत पोहोचत नव्हती. आत नव्या रबराचा वास होता. श्वास पत्र्यावर आदळून परत तोंडावर येत होता. फटीतून जग एका पट्टीएवढे दिसत होते: फरशीचा तुकडा, टेबलाची कड, फोमच्या गुंडाळ्यांनी अडलेले दार. मग ताई चालत त्या पट्टीत आली आणि रेघेवर उभी राहिली. उजव्या हातात आता कात्री होती, पट्ट्याचे जादा टोक कापायला घेतलेली.

"हं. चल. आधी तिकडे तोंड कर."

धाकट्याने भिंतीकडे तोंड केले. मग तो वळला. मान वळेना, म्हणून सगळाच वळला. आणि काय करायचे हे त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तो थांबला.

समोर एक लहानखुरी बाई होती. केस पुष्कळ पांढरे झाले होते. ते कधी झाले हे त्याने पाहिले नव्हते. तिने आधी टोपाच्या कडा पाहिल्या, शिवण पाहिली, रंगाचा हात पाहिला, कारागिराने पाहावे तसे. मग तिची नजर फटीवर आली आणि तिथेच राहिली. धाकटा हलला नाही. ताईने ओठ ओले केले. तिचे पाय रेघेवर होते तिथेच होते. पण कात्रीचा हात सावकाश तिच्या पाठीमागे गेला, आणि घेऊ नये ती वस्तू घेताना सापडलेल्या पोरीसारखी ती कात्री लपवून उभी राहिली.

"असं असतं होय," ती म्हणाली.

इतकी वर्षे जे वाक्य बाहेर पडताना दाराशी अडखळत होते, ते आत, त्या काळोखात, कोणाचीही आडकाठी नसल्यासारखे सहज उभे राहिले.

"ताई, मी चाललोय. कायमचा. समुद्राच्या गावाला."

ताईने मान तिरकी केली. "काय म्हणालास? आत नुसतं घुमतंय. तोंडाला भोक नाही ना ठेवलं." ती पुढे आली, त्याला वळसा घालून मागे गेली. "थांब, सोडवते. मग नीट सांग."

तिची बोटे मानेमागच्या पट्ट्याशी आली. टोप निघाला की समोर तिचा चेहरा येणार, ती काही न बोलता पाहणार, आणि आपण काय म्हणणार हे धाकट्याला पक्के ठाऊक होते. त्याने फटीतून समोरच्या दाराकडे पाहिले, छाती भरून घेतली आणि पत्रा थरथरेल अशा आवाजात, एकेक शब्द सुटा करून, तेच वाक्य पुन्हा उच्चारले.

या वेळी ते ऐकू गेले. बोटे थांबली.

मागच्या दारावर दंतवैद्यांची टकटक झाली. "ताई, आहात ना? मी आलोय." कोणी ओ दिली नाही. ताईचा श्वास त्याच्या पाठीमागे कुठेतरी चालू होता. तो किती जवळ आहे हे त्याला वळून पाहता येत नव्हते.

"हलू नकोस," ताई म्हणाली.

बोटे पुन्हा चालू लागली. पट्टा सुटतो आहे की आणखी एक घर आवळला जातो आहे, हे आतून कळायला काही मार्ग नव्हता.